शेड मानेला विचारा: फाउंडेशनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळी मेकअपवर लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं की आपण बायका फाउंडेशनवर हजार-दीड हजार घालतो आणि शेड मात्र पाच मिनिटांत ठरवून मोकळ्या होतो. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं पूर्ण पान त्यालाच देतेय. गेली बावीस वर्षं मी दादर, पार्ले, ठाण्याच्या हॉलमध्ये ब्रायडल मेकअप करतेय, त्याआधी दोन वर्षं एका मोठ्या दुकानात मेकअपच्या काउंटरवर उभी होते, त्यामुळे विकणाऱ्यांची बाजू पण मला नीट माहितीय.

प्रश्न: ताई, माझी स्किन खूप ऑइली आहे. डोंबिवलीहून निघताना फाउंडेशन छान दिसतं, पण सीएसएमटीला उतरेपर्यंत चेहरा काळवंडतो आणि नाकाच्या बाजूला चट्टे पडतात. तीन कंपन्या बदलून झाल्या. फ्रंट डेस्कला आहे म्हणून लावावंच लागतं. (वय २९)

उत्तर: अगं, चौथी कंपनी आणलीस तरी हे सुटायचं नाही. चेहरा काळवंडतो त्याला आमच्यात 'ऑक्सिडाइझ झालं' म्हणतात. होतं असं की फाउंडेशनमधलं पाणी आणि पटकन उडणारं सिलिकॉन दहा-पंधरा मिनिटांत उडून जातं, मागे राहतो नुसता रंग, आणि त्या रंगात तुझ्या त्वचेचं तेल मुरलं की तो गडद दिसायला लागतो, कोरडी माती आणि पाणी मारलेली माती यात जसा फरक दिसतो ना अगदी तसा. म्हणून दुकानात लावल्या लावल्या जी शेड पसंत पडते ती तुझी शेड नसतेच. जबड्याच्या कडेला एक रेघ लावून घ्यायची, बाहेर पडायचं, दादरच्या रानडे रोडवर अर्धा तास भाजी-बिजी घ्यायची आणि मग उजेडात बघायचं, तेव्हा जो रंग दिसतो तो खरा.

दुसरं, चट्टे. तू प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, कुठला वापरतेस ते लिहिलं नाहीस पण मला शंका तिथेच आहे. बाटलीमागची घटकांची यादी वाच, पहिल्या चार-पाच नावांत डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्झेन असं काही दिसलं तर ते सिलिकॉनवालं. प्रायमर सिलिकॉनवालं आणि फाउंडेशन पाण्यावर बनलेलं, किंवा उलटं असलं की बऱ्याचदा ते एकमेकांवर बसत नाहीत, रबराने खोडल्यावर निघतात तशा वळ्या सुटतात किंवा मग फाटल्यासारखं दिसतं. दोन्ही एका जातीचे घे, निम्मा त्रास तिथेच जाईल. लेबलवर ऑइल-फ्री, मॅट आणि नॉन-कॉमेडोजेनिक म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं असं लिहिलेलं बघून घे.

आणि मॉइश्चरायझर बंद केलं असशील तर परत चालू कर. ऑइली स्किनवाल्या सगळ्या मुली हेच करतात, दिवसातून चारदा फेसवॉश आणि वर काहीच नाही, मग दिवसभर एसीत बसून त्वचा वरून तेलकट आणि आतून कोरडी पडते आणि अशा त्वचेवर काहीही धड टिकत नाही. हलकं जेलसारखं घे, वर सनस्क्रीन, मग दहा मिनिटं थांब, तेवढ्यात डबा भर. मग एक पंप फाउंडेशन, तीन नाही. नाकाजवळून सुरू करून बाहेरच्या बाजूला न्यायचं, स्पंज भिजवून घट्ट पिळायचा आणि थापटायचं, घासायचं नाही. नाकाच्या बाजूला स्पंजवर जे उरलंसुरलं असतं तेवढंच लाव. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटी.

पण खरं सांगू का, मी ही गाडी रोज बघितलीय. ठाण्यापर्यंत दारातून आत सरकायला जागा नसते, दांडा धरलेला हात वर, मानेवरून घामाची धार, आणि घाटकोपरला कुणी उठलं आणि बसायला मिळालं की पर्समधून पफ निघतो आणि तो थेट ओल्या चेहऱ्यावर बसतो. तुझे चट्टे तिथे तयार होतात गं. घाम आधी टिशूने दाबून टिपायचा, मग पावडर, हा क्रम कधीच उलटा करू नकोस. माझं ऐकशील तर घरून फक्त सनस्क्रीन आणि काजळ लावून निघ, ऑफिसला पोचल्यावर तोंडावर पाणी मार, एसीत पाच मिनिटं अंग गार होऊ दे, सनस्क्रीन परत लाव, आणि मग वॉशरूममध्ये फाउंडेशन लाव. सवय झाली की चार मिनिटं लागतात.

प्रश्न: माझं डिसेंबरमध्ये लग्न आहे. मी सावळी आहे. पार्लरवाली आणि माझी मावशी दोघी म्हणतात की नवरी उठून दिसायला हवी, दोन शेड उजळ घेऊ. ट्रायल झाली, फोटोत चेहरा राखाडी दिसतोय. मला बोलायला जमत नाहीये. (विलेपार्ले, वय २७)

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी राखाडीचं सांगते, मग मावशीचं.

जवळपास सगळ्या फाउंडेशनमध्ये चारच रंग असतात, पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळा, लाल, काळा हे तीन आयर्न ऑक्साइड. या चारांच्या प्रमाणावर सगळ्या शेड बनतात. शेड जितकी उजळ तितकं पांढरं जास्त. आता सावळ्या त्वचेवर पांढरं चढवलं की ती गोरी दिसत नाही, ती राख फासल्यासारखी दिसते, कारण खालचा तपकिरी रंग कुठे जात नाही, तो त्या पांढऱ्यातून डोकावतोच. यात पार्लरवालीचा हात वाईट नाहीये, शेडच चुकीची आहे.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. मी ज्यांच्या हाताखाली होते त्यांनी एका मुलीला असंच उजळ केलं होतं, सगळे वाहवा करत होते. मग कन्यादानाला बसले. ओंजळ पुढे, त्यावर पाण्याची धार, फोटोग्राफर अगदी जवळ वाकलेला, आणि त्या फोटोत मुलीचा चेहरा एका बाईचा आणि हात दुसऱ्याच बाईचे दिसत होते. कान तर त्याहून वेगळे. महिनाभराने ती अल्बम घेऊन आली, एकेक पान उलटत म्हणाली, ताई, यात मी कुठेच नाहीये. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, तिला काय उत्तर द्यावं मला कळेना, पण त्या दिवसापासून मी कुणालाही एक शेडसुद्धा वर नेलेली नाही आणि नेणार पण नाही.

तुझी शेड काढायची कशी ते सांगते. दिवसा, खिडकीशी, ट्यूबलाइट बंद. मनगटावर लावून बघू नकोस, मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्यावरून मानेकडे जाणाऱ्या तीन रेघा ओढायच्या, तुला वाटते ती शेड, एक त्याहून गडद, एक उजळ. अर्ध्या तासाने जी रेघ शोधावी लागते ती तुझी. आपल्याकडे बऱ्याच जणींचं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतो, म्हणून गालाशी जुळवायचं नाही, मानेशी जुळवायचं. डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला जी सावली असते तिथे आधी नारिंगी करेक्टर, म्हणजे डाग झाकायचं रंगीत क्रीम, अगदी पातळ, सावळ्या रंगाला पीच पुरत नाही, नारिंगीच लागतो, आणि मग त्यावर फाउंडेशन.

मग अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगामागची झाक. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे बघायचं जे सांगतात ते सावळ्या त्वचेवर नीट कळतच नाही. त्याऐवजी चेहऱ्याजवळ पांढराशुभ्र कागद धरून बघ, रंग पिवळट दिसतो, लालसर दिसतो की हिरवट झाक मारतो. आपल्या बऱ्याच जणी पिवळ्याकडे किंवा त्या हिरवट ऑलिव्हकडे असतात आणि गळ्यात गुलाबी शेड मारली जाते, मग चेहरा रंगवल्यासारखा. बाटलीवर डब्ल्यू म्हणजे वॉर्म, सी म्हणजे कूल, एन म्हणजे न्यूट्रल असं साधारण असतं, पण मॅक कंपनीत ते उलटं आहे, तिथे एनसी पिवळसर-सोनेरी त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीकडे झुकणाऱ्यांसाठी, त्यामुळे एका कंपनीचा नंबर दुसरीकडे सांगू नकोस. आणि सावळ्या रंगाला शेडच मिळत नाहीत ही तक्रार पूर्वी खरी होती, काउंटरवर असताना मी स्वतः मुलींना रिकामं परत पाठवलंय. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीने एकदम ४० शेड आणल्या, त्यानंतर बाकीच्यांना पण गडद शेड वाढवाव्या लागल्या. आता मिळतात, मागायला पाहिजे.

ट्रायल परत घे. संध्याकाळी अंधारात फोनचा फ्लॅश मारून एक फोटो काढ, चेहरा पांढरा चमकला तर पावडरमधली सिलिका किंवा फाउंडेशनमधलं उन्हापासून वाचवणारं (एसपीएफवालं) पांढरं फ्लॅश परत फेकतंय, रिसेप्शनसाठी ते बदलायला सांग. मेकअप लगेच पुसू नकोस, पाच-सहा तास ठेव, जेव, चहा पी, मग बघ. लग्नाच्या आधीचे पंधरा दिवस कुठलंही नवीन फेशियल, ब्लीच, पील काही नको.

आता मावशी. तिला कदाचित तिच्या लग्नात असंच सांगितलं गेलं असेल. तिला खिडकीशी बसव, ट्रायलचा फोटो आणि तुझा साधा फोटो शेजारी ठेव आणि विचार, मावशी, यातली तुझी भाची कुठली? पार्लरवालीला मात्र सरळ सांग, माझ्या मानेशी मॅच करा. पैसे तू देतेयस. नाही ऐकलं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच दुसरी बघ. नवरी उठून दिसते ती डोळ्यांनी, हसण्याने, त्वचेच्या तुकतुकीने, आणि सावळ्या त्वचेवर सोनं आणि हिरवा चुडा जसा दिसतो तसा कुठेच दिसत नाही. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाहीये, बावीस वर्षं जवळून बघितलंय म्हणून लिहितेय.

प्रश्न: बीकेसीत एसी ऑफिस, स्किन प्रचंड कोरडी. फाउंडेशन लावलं की तासाभरात नाकाजवळ आणि गालावर भेगा. (वय ३४)

उत्तर: पावडर बंद कर, आजच. कोरड्या त्वचेला मॅट काहीही नको, क्रीम किंवा ड्युई, म्हणजे ओलसर चमक देणारं, असं लिहिलेलं लिक्विड घे. तोंड धुतलं की पूर्ण पुसू नकोस, ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक ॲसिडवालं मॉइश्चरायझर लाव, सात-आठ मिनिटं मुरू दे. फाउंडेशन बोटांनी लावलंस तरी चालेल, बोटांच्या उबेने ते वितळून बसतं, आणि जिथे गरज आहे तिथेच लाव, गाल स्वच्छ असतील तर गालाला कशाला. भेगा पडल्या तर वर अजून थर चढवू नकोस, ओल्या स्पंजने नुसतं थापट.

प्रश्न: माझ्या मुलीला (वय १६) खूप पिंपल्स आहेत. कॉलेजला जाताना ती जाड फाउंडेशन लावते. मी नको म्हणते तर रडते. शेजारच्यांनी एक ट्यूब सुचवली आहे, चेहरा आठ दिवसांत साफ होतो म्हणे. (घाटकोपर)

उत्तर: आधी ती ट्यूब आणू नका ताई, कृपा करून. आठ दिवसांत साफ आणि उजळ करणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव मागे दिसलं तरी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायलाच बंदी आहे आणि तरी ते सर्रास मिळतं. पहिले काही दिवस जादू वाटते, नंतर त्वचा पातळ पडते, लाल होते, केस येतात, पिंपल्स दुपटीने येतात आणि सोडलं की आग होते. माझ्याकडे अशा मुली येतात तेव्हा मी मेकअपला हातच लावत नाही, आधी डॉक्टर म्हणते. तिला स्किनच्या डॉक्टरकडे न्या. केईएम, नायर, सायन, पालिकेच्या या हॉस्पिटलांत स्किनची ओपीडी आहे, खर्चाची भीती नाही.

आणि रडते तर तिचं फाउंडेशन हिसकावू नका. सोळाव्या वर्षी वर्गात बसायचं म्हणजे काय असतं आठवून बघा. तिला नॉन-कॉमेडोजेनिक, पातळ असं घेऊन द्या, फक्त फोडांवर छोट्या ब्रशने टिपकवायला शिकवा, लाल फोड असेल तर खाली हिरव्या करेक्टरचा ठिपका. स्पंज आठवड्यातून दोनदा साबणाने धुवून कडक वाळवायचा, मुंबईच्या दमट हवेत तो पाऊचमध्ये ओला राहिला की आत बुरशी धरते, आणि तीन महिन्यांनी फेकायचा. रात्री सगळं काढून झोपायचं, यात मात्र सूट नाही.

प्रश्न: गालांवर वांग आहेत. एसपीएफ ३० चं फाउंडेशन लावते, वेगळं सनस्क्रीन लागेल का? (ठाणे, वय ४४)

उत्तर: हो, लागेल. एसपीएफ मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतकं लावून मोजतात, तेवढं फाउंडेशन चेहऱ्यावर लावलं तर मुखवटा होईल. म्हणून खाली सनस्क्रीन भरपूर. वांगांसाठी टिंटेड सनस्क्रीन घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या दिसणाऱ्या प्रकाशापासून पण वाचवतं आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतात. लपवायला आधी नारिंगी करेक्टर, मग शेड.

प्रश्न: क्रॉफर्ड मार्केटला ब्रँडेड फाउंडेशन निम्म्या किमतीत मिळतं, घ्यावं का? (परळ)

उत्तर: क्रॉफर्ड मार्केटात चांगली जुनी दुकानं आहेत, माझं अर्धं सामान तिथलंच. पण बॉक्सवर बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता आणि लायसन्स नंबर, एक्सपायरी, परदेशी असेल तर इम्पोर्टचा रजिस्ट्रेशन नंबर, हे सगळं असायला हवं, आणि बिल. यातलं एक जरी नसेल तरी ठेवून द्या. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि आत आकडा असतो, १२ असेल तर उघडल्यापासून बारा महिने, बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. आणि महाग तेच चांगलं असं अजिबात नाही हो. लॅक्मे १९५२ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली ती भारतीय बायकांना परदेशी सामानावर अवलंबून राहायला लागू नये म्हणून, आज साध्या किमतीत उत्तम बेस मिळतात.

प्रश्न: कॉलेजच्या एकांकिकेत काम करतो. लाइट्सखाली घामाने पॅनकेक (नाटकाचा, ओल्या स्पंजने लावायचा मेकअप) ओघळतो. (रुईया, वय १९)

उत्तर: अरे, तू पाणी जास्त घेतोस. स्पंज नुसता ओलसर हवा, पॅनकेकचा एक पातळ थर, वाळला की दुसरा. आधी बर्फ रुमालात गुंडाळून दोन मिनिटं चेहऱ्यावर फिरव. मान आणि कान विसरू नकोस, बाजूच्या स्पॉटमध्ये कान पांढरेफटक दिसतात. ग्रीनरूममधला सगळ्यांचा एकच स्पंज वापरू नका रे, प्रत्येकाने आपापला आणा.

प्रश्न: तीस वर्षं चिकटवायची टिकली लावतेय. आता टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय, वाटाण्याएवढा. फाउंडेशनने झाकते पण दिसतोच. बिनटिकलीचं कपाळ मला बघवत नाही. (गिरगाव, वय ५६)

उत्तर: काकू, हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल पण आधी टिकली काढा. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारतं. रोज त्याच जागी, वर्षानुवर्षं, म्हणून डाग नेमका टिकलीच्या आकाराचा. माझ्या आईच्या कपाळावर असाच होता, ती त्यावरच थोडी मोठी टिकली लावायची, मग डाग मोठा झाला की त्याहून मोठी. आम्हाला कुणालाच कळलं नाही. म्हणून म्हणते, झाकण्याआधी थांबवा. लवकर थांबवलं आणि उपचार केले तर कित्येकांचा रंग परत येतो.

बिनटिकलीचं कपाळ बघवत नाही हे मला समजतं, माझ्या आजीचं मेण आणि पिंजरीची डबी अजून माझ्याकडे आहे. पण सध्या कुंकूही त्या जागी नको, हल्लीच्या कुंकवातल्या रंगांचीही काहींना ॲलर्जी येते. पुढे डॉक्टर हो म्हणाले तर बघू.

तोपर्यंत झाकायचं असं. त्या जागी सनस्क्रीन, कारण पांढरी त्वचा उन्हात लगेच भाजते. मग लिक्विड नको, घट्ट क्रीमचं किंवा स्टिकचं फाउंडेशन घ्या. तुमच्या शेडपेक्षा किंचित गडद आणि नारिंगीकडे झुकणारी शेड करंगळीच्या टोकावर घेऊन नुसती टेकवायची, डागाच्या कडेच्या जरा बाहेरपर्यंत. त्यावर पावडर दाबून पाच मिनिटं तशीच राहू द्या, मग मऊ ब्रशने जास्तीची झटका. मग तुमची स्वतःची शेड तशीच टेकवा आणि परत पावडर. एकदम जाड थर दिला की तो दुपारपर्यंत सरकतो, दोन पातळ थर संध्याकाळपर्यंत राहतात. नवीन काहीही आणलं तर आधी कानामागे लावून दोन दिवस बघायचं, खाज नाही आली तरच कपाळावर.

नायर तुम्हाला जवळ आहे, स्किनच्या ओपीडीला या आठवड्यातच जाऊन या. आणि जाताना टिकलीचं पाकीट सोबत न्या.